7,800 रुपये, सतरा मासे आणि ती शिंपल्याची कपची

घरी येऊन फिशटँकमधली खडी काढतो आणि वाळू घालून देतो असं सांगणारा माणूस ज्यांना भेटलाय, त्यांनी आधी हे वाचा, मग पैसे द्या. माझे 7,800 गेले. चाळीस किलो वाळूचे 4,400 (किलोला 110), मजुरीचे 1,800, ‘बॅक्टेरिया’च्या बाटलीचे 950, आणि मासे मरायला लागल्यावर त्यानंच पाठवलेल्या औषधाचे 650. सतरा मासे गेले, ते या हिशोबात धरलेले नाहीत.

मी नवखा नाही. अकरा वर्षं मासे पाळतोय. तीन फुटी टँक आहे, सुमारे 190 लिटर पाणी. वाळू हवी होती ती कोरीडोराससाठी, म्हणजे माझ्या कोरींसाठी. हे मासे तळाशी तोंड खुपसून खाणं शोधतात आणि धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात. माझ्या दोघांच्या मिशा निम्म्या राहिल्या होत्या, ते बघवत नव्हतं. एवढा टँक उपसायला दोन माणसं लागतात, आणि त्याच आठवड्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. म्हणून माणूस बोलावला. यात माझा काय गुन्हा झाला?

छोट्या पिशवीतून त्यानं नमुना दाखवला तो चांगला होता. गोल, गुळगुळीत दाणा, फिकट रंग. पोती आली ती मात्र सिमेंटची, वरून सुतळीनं शिवलेली. नमुन्याची पिशवी ठेवून घ्या आणि पोतं त्याच्यासमोर उघडून शेजारी धरा. मी नाही धरली.

बादलीत वाळू धुताना माझ्या तळहातावर एक पांढरी कपची आली. नखाएवढी, एका बाजूला बारीक रेघा. शिंपला. मला माहीत होतं की शिंपला म्हणजे चुना. तो पाण्यात विरघळत राहतो, पाणी जड होतं, पीएच चढतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी होत जातं. आमच्या मुंबईच्या नळाचं पाणी मऊ, कोरींना तेच मानवतं. हे सगळं माहीत असून मी ती कपची हातात धरून नुसता उभा राहिलो. विचारलं, तर तो म्हणाला, ‘दादा, नॅचरल माल आहे, एखादा शिंपला येणारच.’ आणि मी ती सिंकमध्ये टाकून दिली. व्हिनेगरची बाटली ओट्यावर होती, चार पावलांवर. चमचाभर ओतलं असतं तर फेस आला असता आणि पोती तिथूनच परत गेली असती. आठवड्यानं ओतलं, तेव्हा वाटीतली वाळू फसफसली. ती चार पावलं मी का गेलो नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. वीस मिनिटं मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो तर त्यानं फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून पांढरा केला होता. ‘हे फुकटात, दादा.’ जुनी खडी ‘कचरा’ म्हणून गोणीत भरून घेऊन गेला. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे खडीवरचे आणि स्पंजमधले जिवाणू एकाच दुपारी गेले. स्पंज टँकच्याच पाण्यात पिळायचा असतो, नळाच्या क्लोरीनखाली कधीच नाही. जुनी खडी जाळीच्या पिशवीत भरून काही आठवडे टँकमध्येच ठेवा, कितीही कुरूप दिसली तरी.

तिसऱ्या दिवशी टेस्ट किटवर अमोनिया 2, पीएच 7.0 चा 8.2. पीएच चढला की तोच अमोनिया कितीतरी पट विषारी होतो. म्हणजे वाळू आणि स्पंज, दोन्हींनी मिळून मारलं. पाच दिवसांत अकरा टेट्रा आणि सहा कोरी गेल्या. मी निम्मं पाणी बदलत होतो आणि तो फोनवर 650 चं औषध विकत होता. औषध आलं, त्यानंतर नंबर बंद.

‘बॅक्टेरिया’च्या बाटलीवर उत्पादकाचं नाव नाही, महिना-वर्ष नाही, फक्त किमतीचं स्टिकर. बंद मालावर हे सगळं छापणं 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. यूपीआयवर पैसे जाताना त्यानं सांगितलेलं नाव न येता दुसऱ्याच कुणाचं आलं, ‘भावाचं खातं आहे’ म्हणाला. असं झालं तर तिथेच थांबा.

पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी ‘वाळूची कसली तक्रार, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’. मी 420 म्हणालो, तर हवालदारानं मला सुनावलं की आता नव्या न्याय संहितेत ते कलम 318 झालं. बरं, मग 318 लावा! तेही नाही. तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का नाही म्हणाले. पोलीस ठाण्यात शिक्का नाही! सायबर हेल्पलाइनवर सांगितलं की माल मिळालाय, म्हणजे फसवणूक ऑनलाइन नाही. दुसरीकडे विचारलं, तर बिल आणा, दुकानाचा पत्ता आणा. पाच लाखांपर्यंतच्या ग्राहक तक्रारीला फी लागत नाही, हे मला माहीत आहे, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. तो पोलिसांनी मोबाइल नंबरवरून काढायचा, आणि पोलीस म्हणतात कोर्टात जा. मेलेले मासे डब्यात घालून नेले होते. कुणी झाकणसुद्धा उघडलं नाही. ‘मासेच ना,’ एवढंच.

बिल घ्या. कच्चं असलं तरी सहीचं घ्या.

उरलेल्या दोन कोरी सध्या टबमध्ये आहेत, मित्राच्या चालू फिल्टरमधला अर्धा स्पंज आणून लावलाय. दोघी खातात. वाळू मी चार रात्री जागून मगानं उपसली. ती गॅलरीत पोत्यांत पडून आहे, पुरावा म्हणून टाकून देता येत नाही, आणि अर्जाची पोच अजून मिळालेली नाही.