मांडव्याची रो-रो : गाडीसकट समुद्रप्रवास

मुंबईहून मोटार घेऊन अलिबागला निघणाऱ्याला पूर्वी पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. रस्त्याने सुमारे ११० किलोमीटरचा हा पल्ला भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत समुद्रावरून जेमतेम १८ किलोमीटर भरतो, आणि ‘एम टू एम-१’ ही रो-रो बोट, म्हणजे गाड्या थेट आत चालवत नेता येणारी फेरीबोट, तो साधारण तासाभरात पार करते. उन्हाळ्यात, थंडीत आणि भर श्रावणातही या बोटीने ये-जा केल्यानंतर तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

ही बोट २०१९ साली ग्रीसमध्ये बांधली गेली आणि २०२०च्या फेब्रुवारीत मुंबईला आली. १५ मार्च २०२० रोजी सेवा सुरू झाली खरी, पण करोनाच्या टाळेबंदीने ती लगोलग थांबली. पुन्हा सुरुवात झाली ती ऑगस्टमध्ये, गणेश चतुर्थी दोन दिवसांवर आली असताना. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला फेरीबोटीतून गाडी नेण्याची सवय मात्र त्याआधीच लागली होती. दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे आणि गुहागर-दापोलीकडच्या लोकांना त्यात काही नवल राहिलेले नाही. फरक इतकाच, की तिथे खाडी ओलांडायची असते आणि इथे मुंबई बंदराच्या तोंडावरचा उघडा समुद्र.

या समुद्राचा धाक जुन्या अलिबागकरांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नसल्याने मुंबईला तासन् तास पत्ताही लागला नव्हता. पुढे किनाऱ्यावरची आगबोटींची वाहतूक हळूहळू आटत गेली. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी आजही पावसाळ्यात बंद असतात. हवामान अगदीच बिघडले नाही तर रो-रो मात्र त्या महिन्यांतही चालते, आणि माझ्या मते तिचे खरे मोल वाचणाऱ्या वेळेपेक्षा यातच आहे. मांडव्याला बांधलेल्या लाटरोधक भिंतीमुळे बोटीला तिथे आडोसाही मिळतो.

धक्क्यावर पहाटे पोहोचल्यास आधी मासळीबाजार लागतो. बर्फाच्या लाद्या, ओल्या पाट्या आणि टेम्पोंची गर्दी यांतून गाडी काढत टर्मिनल गाठायचे असल्याने हाताशी अर्धा-पाऊण तास ठेवणे बरे. रॅम्पवरून गाडी आत घेताना कर्मचारी हाताच्या खुणांनी ती शेजारच्या गाडीच्या इतकी जवळ लावून घेतात, की दार उघडून उतरताना पोट आत ओढावे लागते. हँडब्रेक लावला, इंजिन बंद केले, की वर जायचे. दीडशेच्या आसपास मोटारी एका खेपेत मावतात. दुचाकी आणि सायकलीही असतात.

वर वातानुकूलित दालने आहेत, उघडा डेक आहे, उपाहारगृह आणि स्वच्छतागृहे आहेत, आणि कुत्र्या-मांजरांना घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळी बसण्याची जागाही आहे. तिकिटाचे दर वर्गाप्रमाणे बदलतात. आसने ऐसपैस आहेत, पण वरच्या वर्गासाठी जादा पैसे मोजून काचेआड तासभर मोबाइल बघत बसण्यात मला तरी काही हशील दिसत नाही. पावसाळ्यात किंवा सोबत वयस्कर माणसे असतील तर गोष्ट वेगळी. एरवी डेकच बरा. चहाचा कागदी कप कठड्याजवळच्या बाकावर ठेवला, की इंजिनच्या थरथरीने चहावर बारीक गोल वळ्या उमटत राहतात. उजवीकडे नौदलाची जहाजे आणि गेटवे मागे पडतात, डावीकडे जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या आणि पुढे करंजाचा डोंगर दिसू लागतो. बोटीचा वेग १४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर, असल्याने सगळे निवांत पाहता येते. थंडीत सीगल पक्षी सोबतीला असतात.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर ही बोट कशाला, असे विचारणारे भेटतात. सेतूमुळे चिर्ल्यापर्यंतचा रस्ता झटपट संपतो हे मान्य. पण पुढे पेण-वडखळची वाट उरतेच, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथे काय होते हे अनुभवी माणसाला सांगायला नको. मांडवा, किहीम, अलिबाग, फार तर चौल-रेवदंड्यापर्यंत जायचे असेल तर बोट निःसंशय सोयीची. श्रीवर्धन-हरिहरेश्वर गाठायचे असेल तर मी रस्त्यानेच जाईन. फेऱ्यांच्या वेळा बदलत असल्याने त्या दिवसाचे वेळापत्रक पाहूनच आरक्षण करावे, आणि सुट्टीच्या दिवसांत गाडीची जागा बरीच आधी राखून ठेवावी.

गणपतीच्या आधी परतीच्या फेरीत बसण्याचा योग आला तर गाड्यांच्या मजल्यावरून वर जाताना जरा आजूबाजूला पाहावे. मागच्या खेपेस माझ्या शेजारच्या गाडीत पेणहून आणलेली मूर्ती मागच्या सीटवर होती. खाली चौघडी घातलेली गोधडी, तोंडावर रुमाल आणि पोटावरून सीटबेल्ट.