पिंपल्सच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू लेसर, कर्वे रोडवरच्या क्लिनिकचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. चारही डॉक्टरांचे, पाचवा रिसेप्शनने घालवला.

गालांवर कॉलेजपासूनचे खड्डे. आधी दुसरीकडे चौकशी केली तर तिथे डॉक्टरांनी चेहरा बघायच्या आधीच काउंटरवरच्या मुलीने सहा सेशनचं पॅकेज पुढे केलं, आज भरले तर डिस्काउंट वगैरे, तिथून निघालेच. इथल्या डॉक्टर मॅडमनी लाइट बाजूने तिरका मारून खड्डे बघितले, गालाची कातडी ताणून बघितली आणि सांगितलं की तुझे सगळे खड्डे एका जातीचे नाहीयेत. कडा असलेले उथळ बॉक्सकार लेसरने चांगले भरतात, तोंड बारीक पण खोल असलेले आइसपिक लेसरला फारशी दाद देत नाहीत, त्यांना टीसीए क्रॉस, म्हणजे खड्ड्याच्या आतच स्ट्राँग अ‍ॅसिडचा थेंब. आणि जे खालून ओढल्यासारखे दिसतात ते रोलिंग, त्यांच्या खालचे धागे सुईने सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. एवढं ऐकल्यावर पॅकेजवाल्यांचा अजूनच राग आला.

लेसरची किरणं १०,६०० नॅनोमीटरची, ती त्वचेतल्या पाण्यात शोषली जातात, ते पाणी तापून उडतं आणि तेवढ्या जागी बारीक बारीक उभी छिद्रं पडतात. दोन छिद्रांमधली कातडी शाबूत ठेवतात म्हणून फ्रॅक्शनल, आणि त्या शाबूत कातडीमुळेच जखम पटकन भरते. पूर्वी अख्खा वरचा थरच काढायचे, त्यात बरं व्हायला कितीतरी जास्त दिवस जायचे.

दुखतं का? हो. बधिर करायची क्रीम तासभर लावून ठेवतात तरी वरच्या ओठाजवळ डोळ्यात पाणी येतंच, शिवाय जळका वास, तो कोणी आधी सांगत नाही. रात्रीपर्यंत चेहरा लाल आणि गरम, मग चहाची पूड चिकटल्यासारखे तपकिरी ठिपके, आठवडाभरात आपोआप गळतात. खरवडायचे नाहीत. आणि घरातल्या कुणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी हळद-लिंबू अजिबात नाही, फक्त डॉक्टरांनी दिलेलं मलम.

खरी भीती उन्हाची. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर लेसरनंतर काळे डाग पडायची शक्यता गोऱ्या लोकांपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे एप्रिल-मेमधे हा उद्योग नकोच, मी दिवाळीनंतर केलं. पुण्यात टू-व्हीलरवर स्कार्फ बांधून फिरतोच आपण, पण सुरवातीला तो कच्च्या कातडीवर घासतो आणि आत घाम साचतो, म्हणून ते दिवस सरळ रिक्षा. सनस्क्रीन एसपीएफ ५०, दुपारी परत लावायचं, ऑफिसमधे बसून असलात तरी.

ओठावर जर म्हणजे पाण्याचे बारीक फोड येत असतील, जखमेचे व्रण फुगून वर येत असतील किंवा पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा, मला इथे हे सगळं विचारलं. चालू पिंपल्स असतील तर आधी ते बरे करतात.

रिझल्ट: कडा असलेले खड्डे निम्म्याने तरी कमी वाटतात. आइसपिक होते तसेच राहिले, टीसीएनंतर जरा हलले. लिफ्टमधल्या वरून येणाऱ्या लाइटमधे अजून दिसतात, पण गुळगुळीत चेहऱ्याचं आश्वासन कोणी दिलंच नव्हतं. दोन सेशनमधे महिना-दीड महिना ठेवतात आणि कोलॅजन, म्हणजे कातडी भरून आणणारं प्रोटीन, नंतरही कित्येक महिने बनत राहतं, त्यामुळे पंधराव्या दिवशी आरशासमोर सेल्फी काढून रडू नका.

आता रिसेप्शन. फोनवर सांगितलेल्या रेटमधे जीएसटी धरलेला नव्हता, बिलात उगवला. वेळ घेऊनही बसवून ठेवतात, वर निघताना प्रिस्क्रिप्शनमधे नसलेलं सीरम गळ्यात मारायला बघतात, ते सरळ नाही म्हणायचं. पार्किंग शून्य, आणि शनिवारी संध्याकाळी तर चुकूनही जाऊ नका, मधल्या वारी सकाळची पहिली अपॉइंटमेंट मागा, तेव्हा मॅडम निवांत बोलतात.