चेंबरलेन की रसेल? आकडे कुणाच्या बाजूने?

नाशिकला गंगापूर रोडजवळच्या बास्केटबॉल कोर्टवर संध्याकाळी पोरं खेळतात, तेव्हा काठावर एकजण वही घेऊन बसतो. बास्केट पडली की रेघ. कुणी शॉट अडवला तर रेघ नाही. सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा वाद तिथूनच सुरू होतो.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या विल्ट चेंबरलेनचे आकडे पाहून डोळे दिपतात. एकूण ३१,४१९ गुण, सामन्यामागे ३०.१. १९६१-६२च्या मोसमात तर सरासरी ५०.४, आणि त्याच मोसमात २ मार्चला एका सामन्यात १००! त्याच लीगमधला बिल रसेल गुणांत त्याच्या जवळपासही नाही, सरासरी फक्त १५.१. रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यात, मात्र दोघे खांद्याला खांदा लावून: सामन्यामागे विल्ट २२.९ आणि रसेल २२.५. विजेतेपदं? विल्टची २, रसेलची १३ मोसमांत ११.

आता कुणी म्हणेल, विजेतेपद संघाचं असतं. मान्य, रसेलच्या बोस्टन सेल्टिक्समध्ये मातब्बर सोबती होते. पण त्याची खरी ताकद होती ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा शॉट अडवणं, आणि एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ला. रसेल १९६९लाच निवृत्त झाला होता! अडवलेला चेंडू तो प्रेक्षकांत भिरकावत नसे, हलकेच टोलवून सोबत्याच्या हातात द्यायचा आणि तिथूनच आपल्या संघाचा हल्ला सुरू.

निव्वळ बेरीज करायची तर विल्ट, वादच नाही. माझ्या यादीत मात्र रसेल वर आहे. वहीवाल्या पोराला मी ब्लॉकसाठी वेगळा रकाना आखून दिलाय.