पॅटर्नशॉपवाल्याच्या टेबलावर लेगोची वेस्पा

लेगो म्हणजे प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून वस्तू करायचं खेळणं. त्यातला वेस्पा १२५ या स्कूटरचा हा संच, क्रमांक १०२९८, तुकडे ११०६. बाजारात आला २०२२ मध्ये, खोक्यावर वय लिहिलंय १८ आणि पुढे. माझं वय त्रेपन्न. बेळगावात उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत पॅटर्नशॉपला कामाला लागून तीस वर्षं झाली, राहायला तिथल्याच अनगोळात. लेक पुण्यात नोकरीला आहे, तिने तिथून घेऊन एस.टी.तून मांडीवर धरून आणला. पैसे माझे, दहा हजारांच्या घरात. जोडून सात-आठ महिने झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नव्या नवलाईत लिहिलेल्या मतावर माझा विश्वास नसतो.

पॅटर्न म्हणजे काय हे बेळगावच्या बाहेरच्यांना सांगावं लागेल. लोखंडाचं कास्टिंग, म्हणजे ओतीव वस्तू, ओतायच्या आधी त्या वस्तूचा सागवानी किंवा ॲल्युमिनियमचा नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी राहते तिच्यात लोखंड ओततात. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून आमची मोजपट्टीच वेगळी, मुळातच तेवढी वाढवलेली. नमुना वाळूतून अलगद सुटावा म्हणून उभ्या बाजूंना थोडा उतार द्यायचा, त्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. आयुष्य यातच गेलं. साच्यातून निघालेली कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करून बघतो.

लेगोचा ठोकळा मी पहिल्यांदा असाच उलटा केला होता. लेक लहान असताना तिला आणलेला लाल, आठ बटणांचा ठोकळा. बटण म्हणजे ठोकळ्याच्या माथ्यावरचा गोल उंचवटा. प्रत्येक बटणाच्या माथ्यावर कंपनीचं नाव उठावात आहे, नखाने चाचपलं तर लागतं. आतल्या बाजूला भिंग लावलं तर बारीक आकडे दिसतात, साच्याचा नंबर. म्हणजे उद्या एखादा ठोकळा बिघडलेला निघाला तर तो कुठल्या साच्यातून आला ते शोधता येतं. आमच्याकडे कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या वेळी वितळवलेल्या लोखंडाचं आहे त्याचा नंबर, घालतात, त्याच जातीची शिस्त. मग वर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावला. मिलिमीटरमध्ये लांबी ३१.८, रुंदी १५.८, उंची बटण सोडून ९.६, बटणाचा व्यास ४.८. लांबी बरोबर ३२ का नाही? कारण दोन ठोकळे शेजारी बसताना घासू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना दशांश एक मिलिमीटर सोडलाय. हा सोडलेला दशांश बघून मला जो आनंद झाला तो आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. दहा ठोकळे एकावर एक चढवून मोजले, ९६ भरले. उंचीची चूक दर ठोकळ्यामागे जरा जरी असती तरी दहाव्याला ती उघडी पडली असती.

ती उघडी पडलेलीही मी बघितली आहे. लेकीच्या सातव्या वाढदिवसाला एका दुकानातून स्वस्तातला, तसाच दिसणारा डबा आणला होता. किल्ल्याचा बुरूज करायचा होता. पाचव्या थरापासून भिंत झुकायला लागली, काही ठोकळे दाताने सोडवावे लागायचे, काही नुसते वर ठेवल्यासारखे. पोरगी रडकुंडीला आली. तिला वाटलं आपल्यालाच जमत नाही. ते मला फार लागलं. आमच्याकडे पॅटर्न चुकला तर वाळूचा साचा करणाऱ्या मोल्डरवर ओरडत नाहीत, पॅटर्न मोजतात. त्या रात्री मी ते ठोकळे मोजले. ९.५ पासून ९.७ पर्यंत सगळ्या उंच्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी तिला कागदावर आकडे दाखवले, की बघ, चूक तुझी नाही. लहान पोराच्या हातात वाकडा माल देऊ नये. मोठ्या माणसाच्या हातात दिला तर तो फेकून तरी देतो.

लेगो सुरू करणारा ओले कर्क क्रिस्तियानसेन हा डेन्मार्कातल्या बिलुंड गावचा सुतार. १९३२ मध्ये तो लाकडी खेळणी करायला लागला. प्लास्टिकचा ठोकळा नंतरचा, आणि तोही आधी खालून नुसता पोकळ होता, त्यामुळे धड धरत नव्हता. आतमध्ये नळ्या घालण्याची युक्ती आली आणि २८ जानेवारी १९५८ ला तिच्या पेटंटचा अर्ज गेला. बटण आता नळी आणि भिंत यांच्यामध्ये चिमटीत सापडतं. गोंद नाही, खिळा नाही, तरी उचललं तर सुटत नाही, आणि लहान मुलाने ओढलं तर सुटतं. प्रेस फिट म्हणजे जोर लावून दाबून बसवलेलं, स्लाइड फिट म्हणजे सहज सरकणारं, त्यांच्या मधली ही जागा आहे. ती लाखो नगांत सारखी ठेवायची म्हणजे काय असतं हे विचारायचं असेल तर उद्यमबागेत कुणालाही विचारा. १९६३ पासून हे ठोकळे एबीएस प्लास्टिकचे होतात. तेही साच्यात आकसतं, लोखंडापेक्षा कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण आकसतं. सुताराने सुरू केलेली कंपनी आहे हे मला त्या मापांत दिसतं.

आता वेस्पा. हीच का घेतली? आमच्या वडिलांची चेतक होती. बजाजने साठच्या दशकात इटलीच्या पियाज्जोकडून परवाना घेऊन आपल्याकडे वेस्पा बनवली, परवाना संपल्यावर १९७२ पासून चेतक आली. म्हणजे रक्ताचं नातं आहे. संचातली वेस्पा साठच्या दशकातली, फिक्या आकाशी रंगाची. वडिलांची चेतकही निळी होती, पण गडद. फरक आहे, तरी हँडलाखालून पाय ठेवायच्या जागेपर्यंत उतरणारी ती वळणदार ढाल बघितली आणि खोकं घ्यायचं ठरलं.

मूळ वेस्पा १९४६ ची. काढणारा कोराडिनो दास्कानिओ विमानाचा इंजिनिअर होता. त्याने गाडीला वेगळा सांगाडाच ठेवला नाही, पत्रा हाच सांगाडा. त्यामुळे या गाडीच्या अंगावर सपाट जागा जवळजवळ नाही. चौकोनी ठोकळ्यांतून हे करायचं म्हणजे चेष्टा नव्हे. संच बनवणाऱ्यांनी उलटा मार्ग धरला आहे. आत ठोकळ्यांचा मजबूत गाभा करून घेतात आणि मग त्याच्यावर चारी बाजूंनी कातडं चढवतात. पहिले दोन दिवस तुमच्यासमोर नुसता रंगीबेरंगी हाडांचा ढीग असतो, गाडी कुठेच दिसत नाही. धीर सोडू नका.

मागच्या बाजूचा तो फुगीर गाल, ज्याला आपण डिकी म्हणायचो, तो मी सौकाश जोडला, कारण त्याच्यात सगळं गणित आहे. लेगोत दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर. पातळ पट्टीची जाडी ३.२, म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक ठोकळा. आता पाच पट्ट्या एकावर एक ठेवा. ३.२ पंचे १६. आणि दोन बटणांची रुंदी? तीही १६. म्हणजे पाच पट्ट्यांची चळत आडवी पाडली की ती दोन बटणांच्या जागेत नेमकी बसते. त्यामुळे बटणं वरच्या दिशेनेच असली पाहिजेत असं राहत नाही, ती बाजूलाही काढता येतात आणि त्यांच्यावर वाकडे, उतरते तुकडे आडवे लावता येतात. हा गाल तसाच फुगलाय. एक तुकडा बोटाने दाबला, टक्क आवाज आला, आणि इतका वेळ पायऱ्या-पायऱ्यांचं दिसणारं अंग एकदम गोल झालं. मी तो काढला आणि परत लावला. चार वेळा तरी केलं असेल.

शेजारचे अण्णा तेव्हा येऊन बसले होते. ते रिटायर्ड टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, घरची भाषा कन्नड, माझ्याशी बेळगावच्या मराठीत बोलतात. "काय ओ, गाडी केलासा व्हय?" म्हणाले. मग खुर्ची ओढून पुस्तिका हातात घेतली आणि पुढचे चार दिवस रोज संध्याकाळी आले. जोडणीच्या पायऱ्यांत अक्षर नाही, सगळी चित्रं. कुठला तुकडा, किती नग, कुठे बसतो, बाणाने दाखवलेलं. आमच्या भागात फलक, अर्ज, नोटिसा, प्रत्येक कागद कुठल्या भाषेत यावरून माणसाचं डोकं तापतं. पुस्तिका टेबलावर उघडी होती आणि आम्ही दोघं एकाच वेळी वाचत होतो, कुणी कुणाला समजावून देत नव्हतं. एवढं मला नोंदवावंसं वाटतं. अण्णांची नजर अजून तिखट आहे. मी एक पट्टी एका बटणाने पुढे लावली होती, त्यांनी तीन पानं पुढे गेल्यावर पकडली.

नऊ संध्याकाळी लागल्या, रोज दोन तास. घाई केली तर शनिवार-रविवारात होईल, पण करू नका. पिशव्यांवर नंबर असतात, एका वेळी एकच पिशवी फोडायची आणि तुकडे स्टीलच्या ताटात ओतायचे. ताटाला कड असते, तुकडे घरंगळत नाहीत, आणि स्टीलवर फिका निळा चटकन ओळखू येतो. शेवटी काही बारीक तुकडे उरतात. काहीतरी बसवायचं राहिलं म्हणून मी दोन वेळा सगळं तपासलं. तसं नसतं, बारीक तुकडे ते जास्तीचेच घालतात.

झालेली गाडी ३५.५ सेंटिमीटर लांब, उंची २२ च्या वर. खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. हँडल फिरवलं की पुढचं चाक वळतं, स्टँड लागतो, इंजिनावरचं झाकण निघतं आणि आत इंजिन दिसतं. स्टेपनी आहे, हेल्मेट आहे, एका टोपलीत फुलं आहेत. फुलं बायकोला आवडली. मला नकोत. आमच्या वडिलांच्या गाडीला पुढे पिशवी अडकवायची, तिच्यात भाजी नाहीतर हत्यारं. डाव्या मुठीत गिअर फिरत नाहीत, आणि जुन्या स्कूटरवाल्याला ते खटकणार. क्लच दाबून मूठ फिरवायची सवय हाताला आहे, मी ती मूठ धरून बघितली आणि तिथेच थांबलो.

शॉपमधल्या पोरांना दाखवायला एकदा उद्यमबागेत नेली होती, जुन्या चादरीत गुंडाळून. आयटीआय करून आलेली नवी पोरं आहेत, कॉम्प्युटरवर मॉडेल छान काढतात, पण फिट म्हणजे काय हे बोटाला कळलेलं नसतं. त्यांना दोन सुटे ठोकळे दिले, म्हटलं डोळे मिटून जोडा आणि सोडवा, मग मला क्लिअरन्स, म्हणजे मधे सोडलेली फट, सांगा. एकाने विचारलं, "मामा, ह्याचं मोल्ड कितीला पडलं असंल?" बरोबर प्रश्न विचारला त्याने. त्यांना अजून एक सांगितलं. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी जोडता येतात. दुपारचा डबा बाजूला राहिला, पोरं कागद घेऊन दोन ठोकळ्यांचं गणित करत बसली. दोनाचंच करून बघा, २४ येतात.

पैशाचं बोलायचं तर दहा हजार ही लहान रक्कम नाही. आमच्याकडे त्यात घरातल्या एका माणसाचा बराच किराणा येतो. पण दरवर्षी काही घ्यायचं नाही, वर्षा-दोन वर्षांत एक, आणि तो मनाजोगता, असं ठरवलं तर जमतं. पहिलाच संच घेत असाल तर एकदम इतका मोठा घेऊ नका. ऑर्किडच्या कुंडीचा ६०८ तुकड्यांचा आहे, हात बसायला तो चांगला. ताजमहालाचा २०१७ चा संच ५९२३ तुकड्यांचा, तो ठेवायला आमच्या घरात जागा नाही आणि मनातही नाही. मला चालणारी वस्तू आवडते. स्वस्त नकला घ्यायच्या की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, पण घेण्याआधी दहा ठोकळ्यांची चळत करून बघा, झुकते का.

ठेवायची कुठे हे आधी ठरवा. काचेचं कपाट हवं. आमच्या भागात फाउंड्रीची काळी धूळ खिडकीतून येतेच, बटणांच्या मधल्या खाचांत बसली की रंगाच्या मऊ ब्रशशिवाय निघत नाही. थेट उन्हात ठेवू नका, एबीएस पिवळं पडतं. पावसाळ्याच्या ओलीचं मात्र त्याला काही नाही, आमच्या सागवानी पॅटर्नसारखं ते फुगत नाही.

गणपतीत पाहुणे येऊन गेले, सगळ्यांनी बघितली. धाकटा काका आला तेव्हा मी कपाट उघडून गाडी त्याच्या हातात दिली. त्याने ती टेबलावर ठेवली, हँडल धरलं आणि स्वतःच्या अंगाकडे कलवली. सकाळी सुरू करताना चेतक कलवायची असायची ना, पेट्रोल उतरायला, तशी. मग सरळ केली. बोलला काही नाही. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, ती गाडी त्याच्याआधीच भंगारात गेली होती.

दिवाळीला लेक येणार आहे. तोवर मी गाडी पूर्ण सोडवून, तुकडे रंगाप्रमाणे डब्यांत लावून ठेवणार. या वेळी तिने जोडायची, मी ताटातून तुकडे काढून द्यायचे. अण्णांनी त्यांची खुर्ची आत्ताच सांगून ठेवली आहे.