बी.कॉम. की अ‍ॅप्रेंटिसशिपची पदवी?

बारावी कॉमर्सनंतर मुंबईत सध्या दोन तऱ्हेच्या पदव्या समोर येतात: नेहमीची बी.कॉम. आणि कंपनीतल्या कामाची सेमिस्टर धरून आखलेली अ‍ॅप्रेंटिसशिपची पदवी. दोन्ही तीन वर्षांत होतात. नोकरीची तयारी कोण करून घेतं, हा खरा प्रश्न.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे बी.कॉम.मध्येही ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आली आहे. चार क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तास. ओळखीच्या ऑफिसात थोडे दिवस व्हाउचर लावले की ती उरकते. कधी तर काकांच्या लेटरहेडवर नुसता सही-शिक्का पुरतो. पण बी.कॉम.चं बळ अभ्यासक्रमापेक्षा टाइमटेबलात आहे. सकाळचं कॉलेज, दुपारी फोर्टात सीएकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी लागणारी उमेदवारी, हा इथला जुना रिवाज. २०२३ च्या नव्या योजनेपासून ती आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. सीए, बँकेच्या परीक्षा किंवा एमपीएससी डोक्यात पक्कं असेल, तर फार खल न करता बी.कॉम. घ्यावी. पदवीनंतर 'नॅट्स' या सरकारी पोर्टलवरून वर्षभराची अ‍ॅप्रेंटिसशिप करायची सोय आहेच.

दुसऱ्या वाटेवर, यूजीसीच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, तीन वर्षांच्या पदवीत किमान एक आणि जास्तीत जास्त तीन सेमिस्टर कंपनीत जातात. त्यांचे क्रेडिट पदवीत धरतात आणि विद्यावेतनही मिळतं. घरी पैशांची ओढ असेल, किंवा पोराचं मन पुस्तकात रमत नसेल, तर माझा कौल हिलाच. वर्षभर बिलं, स्टॉक, चिडलेली गिऱ्हाइकं सांभाळलेल्या मुलाला मुलाखतीत सांगण्यासारखं काहीतरी असतं.

मात्र इथे सगळं कंपनीवर अवलंबून. लॉजिस्टिक्सच्या नावाखाली भिवंडीच्या गोदामात नुसती खोकी मोजायला लावली, तर शिकणार काय? शिवाय विरारहून रोज तिथे जायचं म्हणजे विद्यावेतनातला बराचसा भाग रिक्षातच जाणार. पुढे एम.कॉम. करायचं असेल तर ही पदवी चालते का, तेही आधी विचारून घ्यावं.

फी भरण्यापूर्वी कॉलेजकडे कंपनीशी झालेला करार मागा. काम कुठे, किती महिने, विद्यावेतन किती, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. 'बोलणी चालू आहेत' असं उत्तर आलं, तर सरळ बी.कॉम.चा फॉर्म भरा.