कर्ज निम्मं करून देतो म्हणणाऱ्या ऑफिसचा अनुभव, 1 स्टार

नाव लिहून नाही राहिलो, उगाच नोटीस यायची. "कर्ज निम्मं करा, रिकव्हरीचे फोन बंद" अशी जाहिरात मोबाईलवर येते ना, तसलंच एक, वर्धा रोडवर. वय माझं 67, हिंगणा एमआयडीसीतून रिटायर, ईपीएसची (पीएफवाल्यांची) पेन्शन महिना 2,412 रुपये, बाकी एफडीचं व्याज अन् वरच्या खोलीचं भाडं. डोक्यावर क्रेडिट कार्डाचे 1,84,000 आणि एक पर्सनल लोन, हिच्या ऑपरेशनच्या वेळचं.

ऑफिस चकाचक, पोरगी अंकल अंकल करून गोड बोलते. रजिस्ट्रेशन 12,000, मग महिन्याला 2,500, आणि जेवढं कर्ज कमी होईल त्याच्यावर 15 टक्के वेगळे, जीएसटी वरून. महिन्याची फी माझ्या पेन्शनपेक्षा जास्त आहे हे तिथं बसून लक्षातच नाही आलं, घरी आल्यावर हिनं पावती वाचली अन् नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

सल्ला त्यांचा एकच, हप्ते भरणं बंद करा, खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, झालं की बँक स्वतःच खाली येते. 90 दिवस पैसे नाही गेले की एनपीए होते हे बरोबर आहे, पण व्याज अन् लेट फी काय थांबून राहते का, चार महिन्यात कार्डाचे 2,11,000 झाले. वरून वसुलीवाला सकाळी सव्वासातला फोन करून "काका, पेन्शन सील करतो" म्हणायचा. सकाळी 8 च्या आधी अन् संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे मला पानठेल्यावर भेटलेल्या एका रिटायर बँकवाल्यानं सांगितलं, ज्यांना फी देत होतो त्यांनी नाही. त्यांनी चार महिन्यात बँकेला एक ईमेल टाकला, त्यात पण माझं आडनाव चुकलेलं. 22,000 गेले.

मग म्हटलं सरळ दिवाळंच काढावं. ओळखीच्या वकिलाकडे गेलो. नागपुरात साध्या माणसाला अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो, अर्ज जिल्हा कोर्टात, आणि त्यात कमीत कमी कर्जाची अट किती तर 500 रुपये! 2016 चा नवा कायदा आहे पण त्यातला व्यक्तींचा भाग फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी सुरू झाला. आणि नादार ठरलो की मानेवाड्याचं घर रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात. नको रे बाप्पा. एक गोष्ट मात्र कामाची कळली, ईपीएसची पेन्शन कोर्टाच्या जप्तीत येत नाही, म्हणजे तो सव्वासातवाला नुसतं भेव दाखवून राहिला होता.

वकिलानंच सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं, त्यांचा हेल्पलाइन नंबर 15100 आहे. लोकअदालतीत तडजोडीसाठी साधा अर्ज, फी शून्य. केस कोर्टात गेलेली नसली तरी चालते, त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. लोकअदालतीच्या शनिवारी ही गर्दी, पंखा घरघर करून राहिलेला, टेबलाच्या पलीकडे बँकेचा पोरगा. त्यानं माझ्याच अर्जाच्या मागं पेन्सिलनं 1,40,000 लिहिलं. मी पासबुक समोर ठेवलं, पेन्शनच्या ओळीवर बोट ठेवलं. पॅनलवरच्या मॅडमनी पासबुक त्याच्याकडे सरकवलं. त्यानं बाहेर जाऊन फोन केला, खोडलं, शेवटी 95,000 वर आला, तीन हप्त्यात. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो, अपील नाही, म्हणून हप्ता झेपेल तरच सही करा, नाही पटलं तर उठून येता येते, जबरदस्ती नाही. सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या रेकॉर्डवर, "सेटल्ड" (पूर्ण न फेडता मिटवलं) असं लागते, लागू दे, मला आता या वयात कोणतं लोन घ्यायचंय.

पर्सनल लोनचं अजून बाकी आहे, त्या बँकेनं तारखेला माणूसच नाही पाठवला. आता पुढच्या लोकअदालतीची वाट.

22,000 परत मागायला ऑफिसला दोन मेल टाकले. उत्तर नाही, पण महिन्याच्या 5 तारखेला "अंकल फी ड्यू आहे" चा मेसेज बरोबर येते. कुणाला असल्या ठिकाणाहून रिफंड मिळाला असेल तर कसा मिळवला ते खाली लिहा भाऊ.