उद्घाटन सोहळ्यासाठी भाड्याचा प्रोजेक्टर: नाशिकमध्ये काय मागायचं, काय नाकारायचं

साउंडवाल्याकडे जाऊन 'मॅचसाठी सेट हवाय' म्हटलं की साधारण ठरलेलं सामान पुढे येतं. आठ बाय सहा फुटांची स्क्रीन, तिचा स्टँड, एक प्रोजेक्टर, दोन उभे स्पीकर, छोटा मिक्सर आणि दहा मीटरची एचडीएमआय केबल. गंगापूर रोडला घ्या नाहीतर सिडकोत, यादीत फारसा फरक नसतो. क्रिकेटसाठी हा सेट उत्तम. ऑलिम्पिकच्या उद्घाटनासाठी मात्र तो आहे तसा उचलून आणला तर भाड्यातला बराच भाग वाया जातो. मॅच दिव्यांच्या लखलखाटात होते, उद्घाटनाची खरी गंमत अंधारात असते.

बीजिंगला २००८ साली २,००८ वादक अंधारात उजळणारे ढोल वाजवत होते. टोकियोत २०२१ साली १,८२४ ड्रोननी स्टेडियमवर पृथ्वीचा गोल उभा केला. पॅरिसला २०२४ साली सेन नदीवरून चंदेरी घोडा धावला, तोही रात्रीच. या सगळ्यात पडद्याचा मोठा भाग काळा असतो आणि काळा रंग प्रोजेक्टरला फेकताच येत नाही. जिथे प्रकाश पडत नाही तिथे पडद्याचा स्वतःचा रंग दिसतो. शेजारच्या पॅसेजमधली एक ट्यूब चालू राहिली की रात्रीचं आकाश राखाडी होतं आणि ड्रोन विरून जातात.

म्हणून दुकानदार ल्युमेनचा, म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाच्या मापाचा, आकडा वाढवून जास्त भाडं सांगायला लागला तर भुलू नका. पूर्ण अंधाऱ्या हॉलमध्ये आठ फूट रुंदीच्या चित्राला २,५०० ते ३,००० ल्युमेन पुरतात. वरचे पैसे वाचवून खिडक्यांना जाड पडदे किंवा चादरी लावा, फरक जास्त पडेल.

पॅरिसच्या सोहळ्यातून आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो तिथल्या संध्याकाळी साडेसातला, म्हणजे आपल्याकडे रात्री अकराला सुरू झाला. जुलैत तिथे सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो. त्यामुळे पहिले दोन तास चित्र कुठल्याही प्रोजेक्टरवर झकास दिसणार आणि आपल्याकडे एक वाजून गेला की अंधारायला लागणार. अशा वेळी 'बल्ब गेला' म्हणून साउंडवाल्याला झोपेतून उठवू नका. आधी हॉलमधले उरलेसुरले दिवे बंद करा आणि मेन्यूत 'इको मोड' (वीज वाचवायला उजेड कमी करणारा) चालू असेल तर तो बंद करा.

चित्राच्या बारकाईबद्दल विचारताना शब्द नेमका वापरावा लागतो. 'फुल एचडी चालतो का?' या प्रश्नाला प्रत्येक दुकानदार 'हो' म्हणतो, कारण जुना प्रोजेक्टरसुद्धा फुल एचडी सिग्नल घेतो आणि आतल्या आत लहान करून दाखवतो. 'मूळ रिझोल्यूशन किती?', म्हणजे प्रोजेक्टरचे स्वतःचे आडवे-उभे ठिपके किती, असं विचारा. उत्तर १०२४ बाय ७६८ आलं तर तो ऑफिसच्या प्रेझेंटेशनचा प्रोजेक्टर आहे. टीव्हीचं रुंद चित्र त्यावर १०२४ बाय ५७६ एवढंच उरतं आणि एक चतुर्थांश ठिपके वरखालच्या पट्ट्यांत जातात. आपल्याला १९२० बाय १०८०, म्हणजे खरं फुल एचडी हवं. क्रिकेटचा स्कोअर कमी रिझोल्यूशनवरही वाचता येतो. संचलनात भारताचं पथक मात्र जेमतेम काही क्षण दिसतं आणि त्या गर्दीत ओळखीचा चेहरा शोधायचा असतो. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ आणि सावरपाड्याची कविता राऊत रिओत खेळले, देवरगावचा सर्वेश कुशारे पॅरिसमध्ये उंच उडीत उतरला. जिल्ह्यातून कोणी गेलं असेल तर नाशिककर तो चेहरा शोधणारच, आणि धूसर चित्रात हिरमोड होणार.

आठ बाय सहाच्या स्क्रीनवर रुंद चित्राची उंची साडेचार फूटच भरते, दीड फूट पांढरा पडदा रिकामा राहतो. त्यावर काळं कापड पिनांनी लावलं तर चित्र एकदम उठून दिसतं. प्रोजेक्टर पडद्यापासून साधारण बारा फुटांवर येतो, मॉडेलनुसार फूट-दोन फूट इकडेतिकडे. तो पडद्यासमोर मध्यभागी आणि सरळ ठेवा. कोपऱ्यात ठेवून कीस्टोनने (तिरकं चित्र सरळ करणाऱ्या मेन्यूतल्या सोयीने) चित्र चौकोनी करता येतं, पण कडा मऊ पडतात. बारा फुटांवरचं ते टेबल म्हणजे नेमकी माणसं बसायची जागा. उंच टेबल घेतलं नाही तर चहाला उठणाऱ्या प्रत्येकाची सावली पडद्यावर येणार.

सर्वांत जास्त घोळ होतो तो जोडणीत. मोबाइलवर सोहळा चालू आहे, आवाज येतोय, पडदा मात्र काळा. यात बहुतेक वेळा केबल किंवा प्रोजेक्टर बिघडलेला नसतो. स्ट्रीमिंग ॲप कॉपी होऊ नये म्हणून चित्र कुलूपबंद करून पाठवतं आणि स्वस्तातलं कन्व्हर्टर, स्क्रीन मिररिंग किंवा जुनं व्हीजीए (एचडीएमआयच्या आधीची जोडणी) अशा वाटेने ते कुलूप उघडत नाही. उपाय एकच: टीव्हीची स्टिक, म्हणजे टीव्हीमागे लावून ॲप चालवायची छोटी कांडी, थेट प्रोजेक्टरच्या एचडीएमआयमध्ये लावायची. तिला वीज प्रोजेक्टरच्या यूएसबीतून देऊ नका. जुन्या प्रोजेक्टरचं ते पोर्ट अर्धाच अँपिअर देतं, स्टिकला एक लागतो. मग ती मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते आणि सगळे इंटरनेटला दोष देतात. स्टिकचा स्वतःचा ॲडॉप्टर वापरा. ॲपचं लॉगिन दुपारीच करून ठेवा. प्रसारणाचे हक्क दर स्पर्धेला बदलतात, तेव्हा गेल्या वेळचं ॲप या वेळी चालेल असं धरू नका.

फुल एचडीला इंटरनेटचा वेग ५ ते ८ एमबीपीएस लागतो, म्हणजे चार तासांचे साधारण ९ ते १५ जीबी. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट देणारा मित्र तासाभरात थंडावतो. हॉलपर्यंत कोणाचं तरी वायफाय पोहोचतंय का, हे आदल्या दिवशी स्टिक तिथे लावूनच पाहा. स्ट्रीमिंग डिशपेक्षा मागे असतं. संचलनात त्याने बिघडत नाही, पण ज्योत कोण पेटवणार हे व्हॉट्सॲपवर आधी फुटतं. शेवटची वीस मिनिटं फोन उलटे ठेवा.

स्पीकर या सेटमधली सर्वांत अनावश्यक वस्तू. पंधरा इंची स्पीकर वरातीसाठी असतात. रात्री दहानंतर उघड्यावर ते लावायला बंदी आहे, आणि बंद हॉलमध्ये हळू आवाजात लावले की नुसती घुमघुम उरते, निवेदन कळत नाही. घरचा साउंडबार पडद्याखाली ठेवला तर शब्दन्‌शब्द ऐकू येतो. ब्लूटूथने जोडू नका, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. प्रोजेक्टरच्या ऑडिओ आउटमधून लांब वायर घ्या. 'घूंऽऽ' असा आवाज आला तर प्रोजेक्टर आणि साउंडबार दोन्हीचे प्लग एकाच बोर्डवर आणा, बहुधा थांबतो. फरशीच्या हॉलमध्ये आवाज फार घुमतो, तिथे सतरंज्या अंथरा. बसायचीही सोय होते.

जुलैत गच्चीचा विचारही नको, पत्र्याची शेड असली तरी. सर पत्र्यावर वाजायला लागली की साउंडबारही ऐकू येत नाही, आणि उजळलेल्या पडद्यावर पावसाळी किडे जमतात ते वेगळंच. पॅरिसलाही त्या रात्री पाऊस होता, फक्त तिथे डोक्यावर पत्रे नव्हते. पावसात वीजही जाते. बल्बवाला प्रोजेक्टर अचानक बंद पडला की बल्ब थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, काही मिनिटं तशीच जातात. घरच्या इन्व्हर्टरवर घ्यायचा असेल तर त्याचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा, तेव्हाच अदलाबदल इतकी झटपट होते की प्रोजेक्टरला कळत नाही. लेझर किंवा एलईडी प्रोजेक्टर मिळत असेल तर त्यासाठी थोडे जास्त मोजावेत. इथे जास्त पैशांचं खरंच काहीतरी मिळतं.

पण सेट बुक करण्याआधी घड्याळ बघा. २०२६च्या आशियाई स्पर्धा आयची-नागोयाला १९ सप्टेंबरपासून. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथली संध्याकाळ ही आपली दुपार. वर तो गणेशोत्सवाचा शनिवार, निम्मे प्रोजेक्टर मंडळांकडे गेलेले असणार. लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं उद्घाटन १४ जुलै २०२८ला. तिथली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे १५ तारखेची सकाळ. या दोन्हींसाठी प्रोजेक्टर घेऊच नका. कोणाचा तरी ५५ किंवा ६५ इंची टीव्ही दिवसाउजेडीही त्याच्यापेक्षा चांगला दिसतो, आणि सकाळच्या सोहळ्याला मिसळ मागवता येते, जी रात्री दोनला मिळणार नाही. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेचं २३ जुलै २०२६चं उद्घाटन मात्र आपल्या रात्रीच्या वेळेचं, तिथे सेट शोभतो.

रात्रीच्या खाण्याला चिवडा सोयीचा, फक्त तेलकट बोटं पडद्याला लागू देऊ नका. डाग पडलाच तर काच पुसायचा फवारा वापरायचा नाही, किंचित ओल्या मऊ कापडाने टिपायचं.

दोन गोष्टी ठरवताना तोंडी नको, चिठ्ठीवर हव्यात. सोहळा एका तारखेला सुरू होऊन दुसऱ्या तारखेला संपतो, तेव्हा 'एक दिवस' म्हणजे किती वाजेपर्यंत. आणि बल्ब उडाला तर कोणाच्या खर्चाने. प्रोजेक्टरच्या मेन्यूत बल्बचे तास दिसतात, ताब्यात घेताना आणि परत देताना त्याचा फोटो काढा. तास फार झालेले असतील तर तिथेच दुसरा मागा. संपल्यावर रिमोटचं बटण दोनदा दाबून बंद करायचा आणि पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही. पहाटे तीनला झोपेच्या भरात हेच राहून जातं आणि अनामतीतून कापलं जातं.